पायाला जागा

उद्यमनगर सोमवारी बंद,
म्हणून सोमवारीच आणलं.
इर्शाद मुजावरनं दोन पिशव्या एकात एक घालून बांधून दिलं,
वरून कालचा पेपर.
"आज उजेड दाखवू नका," म्हणाला,
"आणि मोटर बंद ठेवा पाय रोवेपर्यंत.
अंगात नुसतं पाणी असतंय त्याच्या, दुसरं काय नसतंय."

स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये समुद्र धरून
शाहूपुरीपासून घरापर्यंत
गतिरोधक मोजत आलो.
चौदा.
इतकी वर्षं त्याच रस्त्यानं जातोय.

नळीला गाठ मारली. थेंब सुरू झाले.
आमच्या टाकीचं पाणी त्याच्या पाण्यात
त्याला पत्ता लागू न देता मिसळायचं.
मी लेथवर दोन शतांश काढणारा माणूस,
पण ती गाठ सैल करताना, आवळताना
तळहाताला घाम सुटला.

हेमांगी आली, बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"ह्यां पाणी अळणी आसा."
मी मापक दाखवलं. काटा बरोबर रेघेवर.
ती पुन्हा कणकेच्या परातीकडे गेली, वाद न घालता.
देवगडच्या खाडीकाठचं माणूस,
सव्वीस वर्षं झाली घाट चढून येऊन.
मग मीच चष्मा लावून वाकलो, बघितलं:
काट्याला एक बुडबुडा चिकटलेला,
त्यानंच काटा वर उचलून धरलेला.
टिचकी मारली.
काटा खाली आला.
मी काही बोललो नाही.
मिठाची बादली घेऊन बसलो, ढवळत.

दगडात मी त्याच्यासाठी खोबण कोरून ठेवली होती,
ऐन मध्यावर, सोफ्यासमोर,
पाव्हणेरावळे आले की पहिल्यांदा तेच दिसावं अशी.
हातमोजा घालून अलगद बसवलं.
बसलं नाही.
घसरलं, उलटं झालं, तळाच्या वाळूत पडून राहिलं
पिळून टाकलेल्या लोकरीच्या मोज्यासारखं.
रात्री साडेदहाला इर्शादला फोन.
"वास मारतंय का पाणी?"
हुंगलं. नाही.
"मग जित्तं हाय. झोपा आता.
आणि मोटरच्या तोंडाला स्पंज बांधा,
फिरायला लागलं आणि आत ओढलं गेलं
तर सगळी टाकी नासंल."

स्पंज बांधला, घरातल्या पांढऱ्या दोऱ्यानं, सात वेढे.
झोपलो नाही.

तीन वाजता टॉर्चला लाल कागद लावून बघितलं.
ते चालत होतं.
चालत होतं म्हणजे काय, दिसत काहीच नव्हतं.
मी काचेवर कारखान्यातल्या खडूनं रेघ ओढली,
चहा केला, प्यालो,
आणि रेघ मागं राहिली होती.
एकच पाय. त्याचाच तळवा, तेच बूड.
दगड चाचपायचं, नको म्हणायचं, पुढं सरकायचं.
माझ्या खोबणीपाशी थोडं थांबलं.
मला वाटलं, आता.
नाही.

दोन दिवस हेच. पाच रेघा.
बुधवारी कामावरून आलो तर दगडाच्या पाठीमागं,
चिरेत पाय खोल घालून,
फुगलेलं.
एकेका बोटाच्या टोकाला बोंड आलेलं, तपकिरी-हिरवं,
पाण्याबरोबर डुलणारं.
सोफ्यावरून नुसता दगड दिसतो.
ते दिसतं फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून,
भाजी निवडायला हेमांगी जिथं पाट टाकते तिथून.

ती म्हणाली, "हलवू नका."
मी कुठं हलवतोय?
चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून तिच्या हातात दिला.
तिनं चिमटा बाजूला ठेवला, बोटांनीच धरला, पुढं केला.
दोन-तीन बोंडं चिकटली तिच्या बोटाला.
तिनं हात मागं घेतला नाही,
ओढला असता तर सुटला असता, तरी.
"धरता हां," एवढंच म्हणाली,
माझ्याकडं न बघता.

काचेवरच्या रेघा अजून पुसल्या नाहीत.
मापक खणात आहे.
पाणी बदलायच्या दिवशी मी बादली भरतो
आणि तिला हाक मारतो.